बारा लाकडी फोडी

पहाटेचा गारवा आता खिडकीच्या गजांवर जाणवू लागला आहे. सकाळी नऊच्या सुमाराला हुडकेश्वरच्या आमच्या चौकात हातगाडीवर संत्री येतात. अजून थोडी हिरवट आहेत, एखाद्याच्या देठाशी पान चिकटलेलं असतं. मी सहा घेते. दोन खाते आणि चार टोपलीत नुसती ठेवते, कारण खोलीत संत्र्यांचा वास असला की मला कामं सुचतात. ईरा, निषाद, यंदा तुम्हाला लिहायचं काम सुचलं, आणि त्याला कारण ईराच आहे.

परवा ईराने मला फोनवर तिचं पान दाखवलं. मायचं पाककृतींचं पुस्तक ती संगणकावर चढवते आहे. माय म्हणजे तुमच्या आजोबांची आई, माझ्या सासूबाई. ईरा म्हणाली, "आजी, हे अगदी सोपं असतं. मी साधा मजकूर लिहिते. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या टाकल्या की तो ठळक होतो. ओळीच्या आधी जाळीसारखी खूण टाकली की मथळा. मग एकदा आज्ञा दिली की सगळी पानं एकदम सजून तयार." त्या यंत्राला मोजक्याच खुणा ठाऊक असतात म्हणे. त्यापलीकडची हवी असेल तर ती आपण त्याला शिकवायची. मायच्या मधल्यामधल्या बोलण्यासाठी ईराने एक नवी खूण ठरवली आहे, ओळीच्या आधी आणि नंतर टिंबांच्या तीन जोड्या. पण ती शिकवायची राहून गेली, म्हणून पानावर मायच्या बोलण्याच्या दोन्ही टोकांना ती टिंबं तशीच उघडी दिसत होती.

"सॉरी आजी, मशीनला कळलंच नाही. उद्या नीट करते."

मी म्हटलं, "थांब. आधी माझं पत्र येऊ दे."

ही गोष्ट सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यातली. महाल नावाच्या जुन्या वस्तीत भाड्याच्या घरात आम्ही राहत होतो. तुमचे आजोबा सकाळी हिंगण्याच्या कारखान्याची बस पकडायला निघत, मफलर बांधून, डब्यात दोन संत्री टाकून. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. अंगणात ऊन यायला साडेआठ वाजत. ऊन आलं की माय पाट घेऊन त्यात बसे आणि ऊन सरके तशी तीही सरके. दुपारी ती विहिरीजवळ पोहोचलेली असायची. सगळं घर तिला माय म्हणे आणि अगं-तुगं करी. मी तोंडावर तुम्ही म्हणत असे आणि मनात ती.

संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला बायकांना काहीतरी वाण द्यायचं असतं. एखादी वाटी, साबणाची डबी, गाळणी. घरोघरी फिरून एकेका बाईकडे पंचवीस साबणाच्या डब्या जमत. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, मला वाटलं, आपण छापलेलं काहीतरी द्यावं. मायच्या हातच्या वीस पदार्थांचं छोटं पुस्तक. सांबारवडी, पाटोडीचा रस्सा, गोळाभात, वांग्याचं भरीत, संत्र्याच्या सालीचं लोणचं. सांबार म्हणजे आपल्याकडे कोथिंबीर, हे निषादला पुन्हा सांगायला हवं. तो मागच्या खेपेला सांबार म्हणून वरण शोधत होता.

मग महिनाभर मी मायच्या मागे वही आणि वाटी घेऊन फिरले. तिची सगळी मापं मुठीत होती. ती बेसनाची मूठ भरे आणि हात परातीवर जाण्याआधी मी खाली वाटी धरत असे.

"काय करून राहिली वं? बेसन काय पळून चाललं?"

"मोजते आहे, माय."

"तिखटाले कायची वाटी लावते? तिखटाले डोळा लागते."

वाटी, चमचा, मिनिटं असं सगळं लिहून झालं. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. एका संध्याकाळी मी तिला पहिला पदार्थ वाचून दाखवला. ती संत्र्याचे धागे काढत ऐकत होती. मी थांबले तरी धागे काढतच राहिली.

"हे कोनं सांगतलं?" तिने विचारलं.

"तुम्हीच."

"म्या असं नाही सांगतलं. हे तं दवाखान्यातली चिठ्ठी हाय. दिवसातून तीनदा, जेवणानंतर."

मी म्हटलं की मधलं मधलं बोलणं तेवढं गाळलं आहे, कृती सगळी तीच आहे. तिने शेवटचा धागा काढला. मग फोडी माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "हळदीकुंकवाले मी तं बाहेर येनार नाही. माह्यं बोलनं तरी जाऊ दे बाहेर. तेही गाळाचं असंल तं माह्यं नाव नको टाकू त्याच्यावर."

तुम्हाला हे सांगायला हवं. मामंजी गेल्यापासून माय हळदीकुंकवाच्या दिवशी दिवाणखान्यात येत नसे. तेव्हा विधवा बायका येतच नसत. कोणी येऊ नका म्हणत नसे आणि कोणी या असंही म्हणत नसे. आठ दिवस आधीपासून ती तीळ भाजे, गूळ चिरे, लाडू वळे आणि त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटून आत बसे. मीही सून म्हणून आल्यापासून ते दार तसंच अर्धं पाहत आले होते. शाळेत मी मुलींना मोठमोठ्या गोष्टी शिकवत असे, पण त्या दारापाशी जाऊन काही करावं असं मला सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी वही पुन्हा उघडली. गाळलेलं सगळं पाठ होतं, महिनाभर तेच तर ऐकत होते. ते जसंच्या तसं परत लिहिलं. सांबारवडीत, सारण भरण्याच्या जागी: "भरताना बोलू नका, वडी फुटते. माह्या जावेची दरवेळी फुटे." रश्शात: "चव पाहायले पुरुषांना देऊ नका, अर्धा रस्सा तिथंच संपते." गोळाभातात: "गोळे मोजून टाका. ज्याच्या ताटात कमी पडते तो दिवसभर बोलत नाही." आणि भरितात: "वांगं भाजताना दार उघडं ठेवा. शेजारीण वासावर येतेच. तिच्यासाठी एक वांगं जास्त घ्या."

पण कृती आणि बोलणं अशी सरमिसळ माझ्याच्याने पाहवेना. वाचणारीने बेसन किती घ्यायचं हे शोधावं कुठे? छापखान्याच्या खुणा मला शाळेच्या वार्षिक अंकामुळे ठाऊक होत्या. शब्दाखाली एक रेघ म्हणजे तिरपा टाइप, दोन रेघा म्हणजे मथळा, नागमोडी रेघ म्हणजे ठळक. मधल्या बोलण्यासाठी त्यात खूणच नव्हती. तेव्हा मी नवी काढली. समोर संत्र्याची फोड होती, म्हणून फोडच काढली: एक छोटी चंद्रकोर, पोटात बीचा एक ठिपका. मायचं बोलणं सुरू झालं की एक फोड, संपलं की दुसरी. आणि एका वेगळ्या कागदावर लिहिलं की जिथे दोन फोडींमध्ये मजकूर असेल तो बारीक टाइपात, डावीकडे जागा सोडून जुळवावा. फोड स्वतः छापू नये. तो कागद हस्तलिखिताच्या सगळ्यात वर ठेवला. वर सवयीने "सा. न. वि. वि." लिहिलं, खाली सही केली.

इतवारीतल्या त्या छापखान्याकडे जाताना भांड्यांची गल्ली लागे. पितळ ठोकण्याचा आवाज, हातगाड्या, हमालांचं "बाजू, बाजू", आणि मग अचानक शाईचा आणि रॉकेलचा वास. आत एका खिडकीशी दशरथभाऊ उभे असत. ते खिळे जुळवत, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर कप्प्यांतून उचलून ओळ उभी करत. उमरेडकडच्या विणकर घरातले होते. वडिलांचा माग बंद पडला तेव्हा ते या कामाला लागले. बोलणं कमी. हात मात्र असे चालत की कप्प्यांकडे त्यांना पाहावं लागत नसे. मला ते "बाई" म्हणत, त्यांची भाची माझ्या वर्गात होती म्हणून.

मालकांनी हस्तलिखित घेतलं, चहा दिला आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पुस्तकं मिळतील म्हणाले. मी समाधानाने घरी आले.

दहा दिवसांनी प्रूफ आलं. मी अंगणात उन्हात सतरंजीवर ते पसरलं, कोपऱ्यांवर संत्री ठेवली आणि पाहते तर पानोपानी फोडी. काळ्या, ठसठशीत, पोटात ठिपका असलेल्या. मी काढल्या होत्या त्याहून सुबक. आणि मजकूर सगळा एकाच टाइपात. बारीक नाही, जागा सोडलेली नाही. मी जे करू नये म्हणून लिहिलं होतं ते झालं होतं आणि जे करा म्हणून लिहिलं होतं ते राहिलं होतं.

रिक्षा करून इतवारी गाठली. मालकांना विचारलं, "माझा सूचनांचा कागद?"

"कोणता कागद, बाई? एक पत्र होतं तुमचं."

भिंतीवर एक जाड तार होती, खाली लाकडी बूड, वर टोक. छापखान्यात आलेलं प्रत्येक पत्र त्या तारेला टोचलं जायचं. त्यात मधोमध माझा कागद होता, बरोबर "वि. वि."च्या पोटात भोक पडलेला. पत्रासारखं सुरू केलं आणि पत्रासारखं संपवलं, तर दुसरं काय होणार होतं. मालक ओशाळले, त्यांच्याहून जास्त मी ओशाळले.

दशरथभाऊंनी मान वर केली. "बाई, तुमी काढलं, म्या लावलं. कप्प्यांमंधी असा खिळाच नव्हता. दोन दिवस पाह्यलं. मंग कोरून घेतल्या."

"कशाच्या कोरल्या?"

"बापाचा जुना धोटा पडून होता घरी. लई कडक लाकूड. बारा निघाल्या त्याच्यातून, त्याच आलटून पालटून लावल्या. मले वाटलं, पदरावर बुट्टी असते तशी तुमाले पानावर पाहिजे."

धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणारी ती नावेसारखी लाकडी वस्तू, जिच्या पोटात बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत असतं. त्यांच्या वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेला. त्यांनी एक फोड माझ्या तळहातावर ठेवली. करंगळीच्या नखाएवढी, शाईने काळी. मला त्यांना रागवायचं होतं, ते जमलं नाही. मी इतकंच विचारलं की त्या काढून, टाइप बदलून वेळेत होईल का.

"सगळंच पुन्हा जुळवा लागते, बाई. आज बसलो तं होईन. संकरांतीच्या आत नाही झालं, तं मंग दोन दिवस इकडंतिकडं. तुमी सांगा तसं."

हळदीकुंकू पुस्तकं मिळणार होती त्याच संध्याकाळी ठरलं होतं, दोन दिवस इकडेतिकडे झाले असते तर ते टळून गेलं असतं. तरी मी म्हटलं, उद्या सकाळी सांगते. घरी आले, लाल पेन्सिल काढली आणि निदान कोणत्या फोडी नुसत्या उपटून टाकता येतील ते पाहायला बसले. पहिल्या पानावरच्या दोन खोडल्या.

ऊन सरकत आलं होतं, त्याच्याबरोबर मायही. तिने पाट सतरंजीला लावला. माय वाचायला शिकली होती ती मोठेपणी, मुलांच्या पाट्या पाहून. अक्षरं ओळखायची, पण एक ओळ संपेपर्यंत दूध उतू जाईल. म्हणून छापलेल्या कागदाकडे ती सहसा बघत नसे. त्या दिवशी मात्र वाकली आणि बोट ठेवलं ते सरळ फोडीवर.

"हे संत्र्याची फाक काहून काढली?"

"चूक झाली, माय. तिथून तुमचं बोलणं सुरू होतं, ही नुसती खूण होती."

"इथून?"

"हो. आणि इथे संपतं."

तिचं बोट पुढच्या फोडीवर गेलं. मग खालच्या. मग तिने पान उलटलं. मी पाहत राहिले. ती अक्षरांवरून जात नव्हती, फोडीवरून फोडीवर चालली होती, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून पहिला शब्द जुळवत होती. "भ-र-ता-ना." थांबली. मग पुढचं तिने वाचलं नाही, तोंडपाठ म्हणून टाकलं. "भरताना बोलू नका, वडी फुटते. माह्या जावेची दरवेळी फुटे." तिसऱ्या पानावर तिला पहिला शब्दही लागला नाही. नुसती फोड पाहून, वर छापलेलं भरिताचं नाव पाहून, ती शेजारणीचं वाक्य म्हणाली आणि हसली.

"येवढ्या ठिकानी मी हाय?"

"हो."

"अन् ह्या दोन काहून खोडल्या?"

लाल पेन्सिल माझ्या हातातच होती. मी खोडरबर आणला. लाल रेघ नीट जात नाही, कागदाला लव येते. त्या प्रूफाच्या पानावर अजून तो खरबरीत ठिपका आहे. पान माझ्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी दशरथभाऊंना निरोप दिला, आहे तसंच छापा. ते म्हणाले, "बरं झालं, बाई. त्या धोट्याले काम भेटलं."

ईरा, तुझ्या यंत्राला ती खूण शिकवायची की नाही हे तू ठरव. तू शिकवलीस तर मायचं बोलणं वेगळ्या चौकटीत बसेल, फिकट रंगाच्या, आणि पान सुरेख दिसेल. मला सुरेख पानं आवडतात, हे मी नाकारणार नाही. पण खूण दिसू दिलीस तरी चालेल. त्या बारांतली एक फोड माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, दशरथभाऊंनीच दिलेली. परवा मी ती पोस्टाने पाठवते. तिचा फोटो काढ आणि टिंबांच्या जागी लाव. लाकडाला अजून शाईचा वास येतो का ते मला कळव. माझं नाक आता संत्र्यांपलीकडे फारसं चालत नाही.

आता तो दिवस सांगते आणि थांबते.

हळदीकुंकवाला चार वाजल्यापासून बायका येऊ लागल्या. मी यादी केली होती, आलेल्यांच्या नावापुढे बरोबरची खूण करत होते. हळदीकुंकवाचं तबक, अत्तर, गुलाबदाणी, तिळाचे लाडू, आणि पुस्तकं एका परातीत रचलेली. स्वयंपाकघराचं दार नेहमीसारखं अर्धं लोटलेलं. पहिल्या दोघीतिघींनी पुस्तक घेतलं, साबणाच्या डबीसारखं पदराआड धरलं आणि बसल्या. मग एकीने उघडलं.

"हे काय वं? संत्र्याची फोड?"

"तिथं माय बोलते," मी सांगितलं.

त्या बाईने पुरुषांना रस्सा न देण्याबद्दलचं वाचलं, मोठ्याने. दुसरीने गोळ्यांचं वाचलं आणि तो आपला दीरच, असं म्हणाली. मग कोणी कृती वाचेना. सगळ्या फोडी शोधू लागल्या. पानं उलटण्याचा आणि हसण्याचा आवाज दिवाणखान्यात इतका भरला की मला कोणाचं नाव विचारायचं सुचेना. शेजारच्या मालतीवहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या. भरिताच्या पानावर त्या थांबल्या, दोनदा वाचलं, आणि उठल्या. मला वाटलं, रागावल्या. त्या सरळ गेल्या आणि स्वयंपाकघराचं दार पूर्ण ढकललं.

"माय, ते शेजारीण म्हंजे मीच न?"

आतून मायचा आवाज आला. "मंग दुसरं कोन? तुह्याशिवाय कोनाचं नाक एवढं लांब हाय?"

"अन् ते जास्तीचं वांगं कधी भेटलं मले?"

"दर खेपेले खाऊन गेली. बस. संत्रं खा."

मालतीवहिनी बसल्या ते दिसलं. मग जावेच्या वडीबद्दल विचारायला एक गेली. सालीचं लोणचं कडू कसं होत नाही हे विचारायला दोघी गेल्या. त्यांच्यामागे त्यांच्या मुली गेल्या. थोड्या वेळाने मी पाहिलं तर सतरंजीवर कोणीच नव्हतं. एका हातात गुलाबदाणी, दुसऱ्या हातात यादी, अशी मी दिवाणखान्यात एकटी उभी होते.

"सूनबाई," आतून हाक आली, "काहून उभी वं तिथं? संत्री संपून राहिली."

मी यादी खुंटीला अडकवली. तबक उचललं आणि ते घेऊन स्वयंपाकघरात गेले. आत चुलीपासून मांडणीपर्यंत बायका बसल्या होत्या आणि मधे सालींचा ढीग होता. मायने तबकाकडे पाहिलं. हाताने साली बाजूला केल्या, पाट थोडा सरकवला आणि तबकाला जागा करून दिली.

पुढच्या वर्षीपासून आमच्याकडचं हळदीकुंकू मी दिवाणखान्यात मांडलंच नाही.